ओव्याच्या पुडीतला राक्षस

कादंबरी वाचल्यानं मले एकदा दिवस गेले होते. म्हंजे गावाच्या हिशेबानं गेले होते. माह्या हिशेबानं मी फक्त सव्वीसाव्या पानावर होती.

हे आता आठवाचं कारन आमची नातसून. ती वाशिमाहून पुस्तकं आनते, मी भिंग धरून वाचतो, अन मंग ती इचारते, आजी, कसं वाटलं? मले जे वाटते ते मी सांगतो. या महिन्यात तीन झाले. पयल्यात एक राजपुत्र सात दिवस सात राती घोड्यावर जाते. घोड्याले वैरन कोनी टाकली ते एका शब्दानं लेहलं नाई. आमचा बैल अर्धा दिवस उपाशी राह्यला तर धुऱ्यावरच बसकन मारते. दुसऱ्यात राजकन्या बारा वर्स राक्षसाच्या गुहेत कोंडली, अन बाहेर निंघाली तवा तिचे केस म्हने रेशमावानी. बारा वर्स! (तेल नाई, फनी नाई. माहे केस चार दिवस इचरले नाई तर पाखरू अंडे देईन त्यात.) तिसऱ्यात एक पोट्टा समुद्राच्या बुडाशी जाऊन रत्नं आनते. ते पुस्तक मले आवडलं, कारन तो निंघाच्या आंधी पोटभर जेवला.

नातसून हासते. म्हने, "आजी, कादंबरीत एवढं खरं-खोटं पाहाचं नसते."

म्या म्हनलं, "बाई, एका कादंबरीपायी मले सवत येता येता राह्यली. मी पाहीन."

मंग तिले सांगतलं, तेच इथी सांगतो.

माहं माहेर अनसिंगचं, सासर आसेगावचं. लहानपनी भाऊ घरी मोठ्यानं धडा वाचे, अन मी त्याच्यासमोर बसून जवारी निवडता निवडता पाहो. समोरून पाह्यल्यानं मले अक्षर पयले उलटंच आलं, सुलटं मांगून शिकली. आजबी कोनी पुस्तक उलटं धरलं तरी माहं काई अडत नाई.

लग्नाले चार वर्स झाले, पदरात लेकरू नाई. घरात सासू, आमचे हे अन मी, बस. सासू वाईट नव्हती. पन तिचा भाऊ, आमचे मामा, दर पंधरा दिवसानं मंगरूळहून येत, ओट्यावर बसत, अन म्हनत का पाहन्यात एक पोरगी हाये, अंगापिंडानं चांगली हाये, किती वाट पाहाची. सासू म्हने, "दिवायीपावतर पाहू, दादा." ही दिवायीपावतरची मुदत माहीच होती. मी चुलीपाशी आयको अन भाकर थापो. दुसरं काय करनार? सवत येवो का ना येवो, भाकर तर थापाच लागते.

गावात दुकान एकच, जैन शेठाचं. समोर शेठ बसे, अन मांगच्या दारात शेठानी बायांले सामान दे. त्या साली शेठानं पुड्या बांधाले जुन्या पुस्तकायची रद्दी आनली. मी हिंग आनाले गेल्ती. घरी येऊन पुडी सोडली तर कागदावर छापेल होतं. एक राजा शिकारीले जाते, रस्ता चुकते, डोंगरात त्याले एक दार दिसते. राजा दार ढकलते, अन आत पाह्यते तर...

तिथी पान सरलं.

म्या हिंग डब्यात टाकला न कागद पदरात. दिवसभर निंदन केलं. हात पऱ्हाटीत अन डोकं त्या दारात. आत काय असन? तीन दिवस निंघाले, मंग नाई राहावलं. पसाभर जवारी घेतली अन शेठानीच्या दारात जाऊन उभी राह्यली. सगयात सस्ता जिन्नस ओवा. म्हून ओवा मांगतला. घरी येऊन पुडी सोडली, तर त्या दाराच्या आत सात कोठड्या होत्या अन सातवीत एक राक्षस झोपेल होता.

शेठानीचं काम नीटनेटकं होतं. एक पुस्तक धरलं का वरून एक एक पान फाडत जाये, सरेपावतर दुसऱ्याले हात लावे नाई. म्हून गोष्ट सरळ रांगेत ये. पन मंधात दुसरी बाई आली का पान तिच्या घरी जाये. मंग मी त्या घरी इस्तव मांगाच्या बहान्यानं जाओ अन चुलीत जाच्या आंधी तो कागद आनो. त्या महिन्यात माही चूल लय बार इझली.

रोज ओवाच नेला तर कोनाले शक येईन, म्हून मी हुशारी केली. एक दिवस ओवा, एक दिवस शेपा, एक दिवस मेथ्या, एक दिवस डिंक. आता तुमीच सांगा. ओवा, शेपा, मेथ्या, डिंक. हे कोन खाते? बायंतीन खाते. अन आमच्या घरात बायंतीन कुठी होती? मी लय हुशार समजो सोताले.

शेठानीनं बरोबर ताडलं, का पोरगी आतापासूनच जमवून राह्यली. पन आमच्याकडे तीन महिने होइपावतर ही गोष्ट तोंडातून काढत नाईत, नजर लागते. म्हून तिनं सासूले सांगतलं ते नुसतं डोयानं. सासूनंबी मले इचारलं नाई, डोयानंच समजून घेतलं. त्यात त्या महिन्यात माहे दिवस वर गेले, मी बाहेर बसली नाई. असं माहं कधीमधी होये, मले त्याचं काई नव्हतं. माहं ध्यान राक्षसाकडे.

एक दिवस मी विहिरीवरून आली, तर सासूनं माह्या डोक्यावरची घागर उतरवून घेतली. म्हने, "कायले एवढं उचलतं वं? राहू दे." चार वर्सात हे वाक्य त्या घरात कोनी बोललं नव्हतं. मले वाटलं, बुढीले ताप आला. मंग कांडन बंद झालं. मंग निंदन बंद झालं. भाकरीवर तूप आलं. आमच्या ह्यायनं वावरातून सीताफळं आनले, चुलीपाशी ठेवले, अन निंघून गेले, कानापावतर लाल होऊन. म्या सीताफळं खाल्ले अन गोठ्यात जाऊन पुढचं पान वाचलं. राजा जसा जसा अडचनीत जाये, तशी तशी मी सुखात जाओ.

एका सकायी तर कमाल झाली. सासूच दुकानात जाऊन आली अन माह्या हातावर ओव्याची पुडी ठेवली.

"घे. लागन तुले."

मले वाटलं, वाचनाचं हिले समजलं अन चाललं हिले. मी गहिवरली. म्हनलं, "आत्याबाई, तुमाले समजलं?"

"मले काय डोये नाईत?"

मंग आमी दोघी हासलो. चार वर्सात पयल्यांदा.

पंधरा दिवसानं मामा आले, तर सासूनं त्याइले पानी द्याच्या आंधीच सांगतलं, "दादा, त्या पोरीले दुसरं घर पाहा." मी आतून आयकलं. असं काहून, हे मले समजलं नाई. मी इचारलंबी नाई. आपल्या फायद्याचं असलं का मी कमीच इचारतो.

अन एका दुपारी दारात बैलगाडी उभी राह्यली, गाडीतून माही माय उतरली. हातात हिरवं लुगडं. मले पोटाशी धरून ते रडली. मी म्हनलं, माय, घरी कोनी गेलं काय? ते म्हने, गप राह्य, अन अजून रडली. सांजच्याले सासूनं दार आतून लावून घेतलं. शेठानी अन दोन शेजारनी धरून पाच सवाष्नी जमल्या, पाट मांडला, मले हिरवं लुगडं नेसवून त्यावर बसवलं. अन शेठानीनं माह्या ओटीत नारय टाकला तवा माह्या डोक्यात उजेड पडला. ही पोटुशी बाईची चोरओटी हाये. अन चोर मी हावो.

सांगाले तोंड उघडलं, पन माय समोर बसेल, डोये पुसून राह्यली. सासू तांदूय ओंजळीत घेऊन उभी. माह्यानं बोलवलं नाई. बोलाचं कामबी नाई पडलं. त्याच घडीले माह्या पोटात कय आली. वर गेलेले दिवस बरोबर तवाच खाली आले. मी पाटावरून उठली, ओटीतला नारय घरंगळत चुलीपावतर गेला, अन मी गोठ्याच्या कोपऱ्यात जाऊन बाहेर बसली. बाई बाहेर बसली म्हंजे घरादाराले सांगून झालं.

बाया निंघून गेल्या. सासू गोठ्याच्या दाराशी आली अन मटकन खाली बसली. तिले वाटलं, माहं पोट गेलं. ते लेकरावानी रडाले लागली. ते मले पाहवलं नाई.

म्या म्हनलं, "आत्याबाई, काई गेलं नाई. काई नव्हतंच."

सासू रडाची थांबली. "मंग ओवा कोनासाठी होता?"

"राक्षसासाठी," म्या म्हनलं.

चार दिवस मी गोठ्यात होती. तेवढ्यात माय अनसिंगले वापस गेली, अन सासूनं मामाले निरोप धाडला का ते पोरगी कुठी देल्ली नसन तर या. पाचव्या दिवशी मी डोक्यावरून न्हाली अन कनगीच्या मांगून पुस्तक काढलं. सगये पानं म्या वाकयीच्या दोऱ्यानं शिवून ठेवले होते. सासूनं ते हातात घेतलं, चुलीजवय नेलं, अन थांबली.

"चुलीत टाकाच्या आंधी सांग, काय हाये यात. ज्याच्यापायी माही गावात शोभा झाली."

मी वाचाले बसली. राजा हाये, त्याची थोरली रानी हाये, तिले लेकरू नाई. राजा डोंगरातून एक सुंदर बाई घेऊन येते अन तिले धाकटी रानी करते. पन ते बाई नसते, राक्षसाची सख्खी बहीन असते. सासू पयले चुलीकडे तोंड करून बसली होती. मंग अर्धी वयली. मंग पुरी वयली.

"हे धाकटी चांगली नाई," ते म्हने. "हिच्या चालीवरूनच मले समजलं."

मी वाचत राह्यली. धाकटी रानी राजाचे हत्ती खाते, घोडे खाते.

"अन राजाची माय काय करून राह्यली होती? तिले दिसत नव्हतं काय, घरात कोन आनलं ते?"

मी म्हनलं, पुस्तकात राजाच्या मायचं नाव नाई. सासू म्हने, "लेहनाऱ्याले अक्कल नाई." (हे तिचं मत मले आजबी पटते. राजाच्या मायले कादंबरीत कोनी काम देत नाई.)

दिवेलागन झाली, भाकरी तशाच राह्यल्या. धाकटी रानी थोरलीले कड्यावर नेते, मांगून हात उचलते, अन पान सरलं. शेवटचं पान माह्यापाशी नव्हतं. ते कोनाच्या मिऱ्यासंग परगावी गेलं, पत्ता लागला नाई.

"मंग?" सासू म्हने.

मी पाह्यलं तर चूल पेटेल होती अन सकायी मामा येनार होते. पुस्तकाले खाली म्या एक कोरा कागद लावला होता, ओव्याचे डाग पडलेला. तो म्या उलटवला, दिव्याजवय धरला, अन वाचाले लागली. राजानं धाकटीले ओयखलं. तिले डोंगरात हाकलून देल्लं अन दाराले धोंडा लावला. अन थोरल्या रानीले वर्साच्या आत पोरगा झाला. सासूले अक्षर येत नव्हतं. मी मंधात कुठी अडखयलीबी नाई. आजपावतर वाचलेल्या सगया कादंबऱ्यायत मले तोच शेवट बरा वाटते.

सासूनं माह्या हातातून पुस्तक घेतलं अन देवाच्या कोनाड्यात नेऊन ठेवलं.

दुसऱ्या दिवशी मामा आले. सासू ओट्यावर उभी राहून म्हने, "दादा, धाकटी आनून माहं घर राक्षसाच्या हाती देऊ काय?" मामानं आमच्या ह्यायच्याकडे पाह्यलं. ह्यायनं बैलाकडे पाह्यलं. मामा पानी पिऊन निंघून गेले, अन बहिनीच्या डोक्यात फरक पडला म्हून मंगरूळभर सांगत फिरले.

पुढच्या साली मले खरंच दिवस गेले. मी सासूले सांगतलं. तिनं पदर खोचला अन शेठानीकडे जाऊन इचारून आली, का नवी रद्दी आली काय. पाचव्या महिन्यापावतर माह्यावर कोनी इस्वास ठेवला नाई. घागर मीच आनली, निंदन मीच केलं. चोरओटी झालीच नाई, एकदम सातव्यात सगया गावादेखत ओटी भरली.

पोरगी झाली. सासूनं तिले मांडीवर घेतलं, खालून वरून पाह्यलं, अन माह्याकडे पाह्यलं.

"पुस्तकात तर पोरगा होता."

म्या म्हनलं, "छापनाऱ्याची चुकी असन, आत्याबाई."