केशरबाईचं दूध

जालन्याच्या मारवाडी गल्लीत श्रीमंती दाराबाहेर ओसंडायची. पितळी कड्यांची दारं, गुळगुळीत ओटे, आणि ओट्यावर कुणी टेकलं की त्याला उठवायला ठेवलेला एक माणूस. त्या गल्लीतलं एक लेकरू माझ्या केशरआत्याच्या दुधावर वाढलं, हे तिथं आजही कुणी मान्य करणार नाही. न करोत. मला माहीत आहे.

आत्याचं पहिलंच बाळ जन्मल्यावर थोड्याच दिवसांत गेलं. त्याच सुमारास नथमलशेठच्या घरी मुलगा झाला आणि त्यांच्या बायकोला, प्रेमबाईंना, पान्हाच फुटेना. तेव्हा आम्ही अजून धम्म घेतलेला नव्हता. त्या घरात आमची सावलीही चालत नसे. पण अडला हरी! सुईण आत्याला मागच्या दारानं घेऊन गेली. न्हाणीत आंघोळ करायची, खुंटीवरचं त्यांचं लुगडं नेसायचं आणि मग बाळाला, सत्यनारायणला, मांडीवर घ्यायचं. प्रेमबाई शेजारी बसून रडायच्या. एकदा म्हणाल्या, "केशर, हा घोडीवर बसेल त्या दिवशी दूध तूच पाज."

त्यांच्यात तशी रीत आहे. नवरदेव घोडीवर चढण्याआधी आई त्याला ओढणीखाली घेते, दूध पाजल्यासारखं करते, आणि मगच वरात निघते.

मुलाचं दूध तुटलं, तसं आत्याचं येणंही तोडलं. तू बकरीच्या दुधावर वाढलास, असं त्याला सांगितलं. आत्याला पुन्हा मूल झालं नाही. प्रेमबाईंच्या त्या एका शब्दावर ती जगत राहिली.

पंचाहत्तर साली सत्यनारायणचं लग्न निघालं. आत्याला बोलावणं आलं नाही.

"बोलावणं परक्यायला असतंय," ती म्हणाली. तिनं नवं लुगडं घेतलं, पुढून गाठीची चोळी शिवून घेतली. मी तेव्हा केदारखेड्याच्या शाळेत नवीनच शिक्षिका झाले होते. रजा काढून तिच्यासोबत गेले.

"आत्या, न्हाई घेणार ते लोक तुला आत."

"प्रेमबाईनं शबुद दिल्ता मला. तुला काय ठावं?"

आम्ही मागच्या दाराला गेलो. आत बायकांची गाणी चालली होती. दार प्रेमबाईंनीच उघडलं आणि आत्याला बघून त्यांचा चेहरा उतरला.

"आज नको, केशर. सगळे सोयरे आलेत. तू जेवून जा."

दार लागलं. मला असा संताप आला की त्या दारावर लाथच घातली असती. आत्यानं माझा हात धरून मला पुढच्या दाराशी नेलं.

गर्दीतून आम्ही पाहिलं. प्रेमबाईंनी मुलाला ओढणीखाली घेतलं, बायका हसल्या, गाणं चढलं. मग तो बाहेर आला, उंचापुरा, तुरेवाल्या फेट्यात. आत्या पुढे झाली आणि त्याच्यावरून हात ओवाळून तिनं कानशिलावर बोटं मोडली.

"मावशी, कुठल्या तुम्ही?" त्यानं आपुलकीनं विचारलं.

मागे प्रेमबाई पांढऱ्याफटक पडल्या होत्या. आत्यानं त्यांच्याकडे एकदा बघितलं.

"वरात बघाया आल्ते, बाबा. जल्दी जा, नवरी वाट बघून राह्यली."

तो हसून घोडीवर बसला. बँड वाजला, वरात गेली.

गल्लीच्या तोंडाशी आत्या मटकन खाली बसली आणि हुंदके देऊन रडू लागली. अपमान झोंबला असेल, असं मला वाटलं. मी प्रेमबाईंना शिव्या घालायला लागले, तर तिनं मला थांबवलं.

"तिला पान्हा कुठं व्हता गं कधी," ती म्हणाली, "माझं लेकरू कोरडंच गेलं घोडीवर."