रस्टमूनचा तिसरा भाग

जांभूळ गावच्या जयदेवने उभ्या आयुष्यात दोनच गोष्टी जीव लावून केल्या. एक, पाण्याच्या केंद्रावर पंप चालवला. आणि दुसरी, धाकट्या अल्पेशबरोबर रस्टमून खेळला.

रस्टमून म्हणजे टीव्हीवरचा बंदुकांचा गेम. चंद्रावरची गंजकी यंत्रं माणसांवर उलटतात, आणि दोन शिपायांनी त्यांना झोडायचं. पडद्याचे दोन भाग, वर जयदेव, खाली अल्पेश. थोरला दिसेल त्यात घुसायचा, धाकटा त्याची पाठ राखायचा. पहिला भाग आला तेव्हा दोघे बिनलग्नाचे होते, दुसरा आला तेव्हा पोरंबाळं झालेली. पण आरडाओरडा तोच. शेजारची गोदूआत्या दारात येऊन विचारायची, कोण मेलं रे? दुसऱ्या भागाच्या शेवटी ते दोन शिपाई चंद्राच्या पोटात अडकून राहिले. तिसरा आला की दोघांनी मिळूनच त्यांना बाहेर काढायचं, असं ठरलं होतं.

मध्ये आडवा आला तो फ्लेक्स. जयदेव तोवर अंबरनाथ पश्चिमेला फ्लॅटमध्ये राहायला गेला होता, पण लेकीचा, जिज्ञासाचा, वाढदिवस म्हटल्यावर गावच्या नाक्यावर फ्लेक्स हवाच. आगरी माणसाचा फ्लेक्स तो! मामा, मावसे, क्रिकेट टीमचा कॅप्टन, इतकंच काय, केटरिंगवाला रघुसुद्धा गॉगल लावून हसत होता. राहिला तो सख्खा काका. फोटो जयदेवनेच निवडले होते. घरचा माणूस धरलेलाच असतो, म्हणून तो मोजायचा राहूनच गेला. अल्पेशने नाक्यावर उभं राहून सगळी तोंडं निरखली आणि घरी निघून गेला. वाढदिवसाला आला नाही, पुढे बोलणंही टाकलं. रुसलेला भाऊ म्हणजे पावसात फुगलेलं दार. ढकलाल तितकं घट्ट बसतं.

मग तिसरा भाग आला. जयदेव त्याच दिवशी उल्हासनगरला गेला. ओळखीचा सिंधी दुकानदार डिस्क देताना म्हणाला, "साईं, अकेले के लिए मस्त है." जयदेवच्या कानात ते शिरलंच नाही. त्याने दुकानातूनच भावाला फोन लावला. एवढंच सांगितलं, की आलाय. पलीकडून अल्पेश म्हणाला, रविवारी येतो.

त्यांच्या घरात रुसवा काढायची एक रीत होती. माफी कोणी तोंडाने मागत नसे. थोरल्याने धाकट्याचं ताट आपल्या हाताने वाढायचं, धाकट्याने मुकाट जेवायचं, की विषय संपला. बायकोने, नेत्राने, मटण शिजवलं, तांदळाच्या भाकऱ्या थापल्या, आणि नवऱ्याला बजावलं की आज वाढायला मी येणार नाही.

अल्पेश आला, दुसरा रिमोट मांडीवर घेऊन बसला. गेम सुरू झाला तर पडद्यावर एकच शिपाई. दुसरा पहिल्याच दृश्यात मेलेला दाखवला होता, आणि त्याच्या जागी एक उडता डबा मागून सूचना देत होता. कंपनीने दोघांचा खेळच काढून टाकला होता. जयदेवला ते पटेना. तो सेटिंगमध्ये शिरला, बाहेर आला, परत शिरला, मोबाइलवर शोधू लागला. नेत्रा दोनदा दारात येऊन उभी राहिली.

"दादूस, राहू दे ना," अल्पेश म्हणाला. "मी काय फक्त गेम खेळाला नाय आलो."

"थांब रे, असेल कुठंतरी," जयदेव पडद्यावरची नजर न काढता म्हणाला.

अल्पेश थांबला, बराच थांबला. मग रिमोट गादीवर ठेवून, वहिनीला सांगून निघाला. जिन्यावरचा पायरव बंद झाल्यावर जयदेवने मान वर केली.

"ताट वाढायला सेटिंग लागतं का?" नेत्राने विचारलं आणि भाकऱ्या झाकून ठेवल्या.

दुसऱ्या दिवशी पंपावरून त्याने फोन केला. रात्रभर मनात घोळवलेलं एकच वाक्य बोलायचं होतं, की जेवायला ये. पण तोंडातून निघालं ते असं, की लोकांनी कंपनीला फार शिव्या घातल्यात, अपडेटमध्ये दुसरा शिपाई परत येईल बहुतेक.

पलीकडे अल्पेश गप्प राहिला. कशाची तरी वाट बघितल्यासारखा.

"बरं," तो शेवटी म्हणाला. "आला की सांग."

ती वाट कशाची होती, हे जयदेवला कळलं तोवर फोन कट झाला होता.