राखीव दिवस

माझ्या ताईच्या ऑफिसात सकाळी कुणालाच फारसं काम नसतं. बाहेर सांगितलं तर लोकांना पटत नाही, कारण ती घरी येते तेव्हा आमची अख्खी गल्ली झोपलेली असते. पण खरं तेच आहे. दिवसभर तिथली हुशार माणसं काचेच्या भिंतींमागे बसून वाट बघतात. वरचे साहेब लोक गिऱ्हाइकांबरोबर बाहेर असतात. संध्याकाळी ते परत येतात, खालच्यांच्या टेबलावर कागद टाकतात आणि म्हणतात, "उद्या सकाळपर्यंत बघून ठेव." तिथून यांचा दिवस सुरू होतो. मग दुपारी घरी जाऊन झोपून या, असं काही त्यांना कुणी म्हणत नाही. माणूस जागेवर दिसला पाहिजे.

काम म्हणजे काय, तर एका कंपनीने दुसरी विकत घ्यावी का, हे सांगणारी पानं सजवायची. आकडे, तक्ते, बाण, रंग. ताई म्हणते, गिऱ्हाईक पहिलं पान बघतं आणि शेवटचं. मधली सगळी तिने केलेली असतात.

ती या नोकरीत लागली तेव्हा पगाराचा आकडा ऐकून बाबा खुर्चीतून उठून उभेच राहिले. चपलांच्या दुकानात उभा जन्म काढलेला माणूस. त्यांनी तो आकडा शेजारी सांगितला, नात्यात सांगितला, न्हाव्याला सांगितला. आईला मात्र पहिल्यापासून ते सगळं नासक्या दुधासारखं वाटायचं. "नळ दुरुस्त करणारा परवडला," ती म्हणायची, "गळती थांबली की घरी तरी जातो." बाबा म्हणायचे, "तुला काय कळतंय त्यातलं?" आई म्हणायची, "लेक कळते."

बाबांना जे उशिरा कळलं ते हे, की दरमहा येतो तो पगार निम्मासुद्धा नसतो. खरा पैसा वर्षाच्या शेवटी एकदाच येतो. तो किती, हे साहेबाच्या मर्जीवर. मर्जी कशावर, ते कुणालाच माहीत नाही. त्यामुळे वर्षभर कुणी कशालाच नाही म्हणत नाही.

ताईच्या साहेबाला आम्ही घरात साखरसाहेब म्हणायचो. हा माणूस कधी ओरडत नाही. सगळ्यांना 'बाळा' म्हणतो. मागे त्याच्याच मजल्यावरचा एक जण जिन्यात बेशुद्ध पडला, तेव्हा कंपनीने एक नियम काढला: प्रत्येकाला तीन महिन्यांतून एक राखीव दिवस. त्या दिवशी कुणीही कुणाला काम सांगायचं नाही. साखरसाहेबाने हा नियम आजवर एकदाही मोडलेला नाही. तो काम सांगतच नाही. तो निरोप पाठवतो, आणि प्रत्येक निरोपाच्या सुरुवातीला लिहितो, "काम नाही बाळा, फक्त कळावं म्हणून."

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी हसले होते.

ताईचं लग्न ठरलं ते चौकातल्या चष्मेवाल्याशी. स्क्रीनकडे बघून बघून डोळे चुरचुरायला लागले म्हणून ती त्याच्याकडे गेली होती. त्याने डोळे तपासले आणि म्हणाला, "तुम्हाला चष्म्याची नाही, झोपेची गरज आहे, पण ती मी विकत नाही." एवढ्यावर ती हसली, आणि पुढचं सगळं झालं. मी त्याला आधीपासूनच भावजी म्हणायला लागले. तो म्हणायचा, "जरा थांब गं, आधी सही होऊ दे."

सही काही होत नव्हती. विवाह नोंदणी कार्यालयाची पहिली तारीख ताईने रद्द केली, कारण कुठलासा सौदा शेवटच्या टप्प्यात होता. दुसरीही रद्द केली, कारण तोच सौदा पुन्हा शेवटच्या टप्प्यात होता. तिसऱ्या तारखेला मात्र नोटिशीची मुदतच संपत होती. त्या दिवशी सह्या झाल्या नाहीत तर सगळं नव्याने करायचं, नवी नोटीस, पुन्हा महिनाभर थांबणं. ताईने आपला राखीव दिवस त्या तारखेला लावला. साखरसाहेबाने मंजुरी देताना फुलांचं चित्रही पाठवलं. वर्षअखेरचे पैसे जाहीर व्हायला तेव्हा पंधरा दिवस उरले होते, आणि त्या पैशांतून ताईला भावजींचं भाड्याचं दुकान विकत घ्यायचं होतं. दुकानाच्या मालकाने ते विकायला काढलं होतं.

आम्ही सकाळीच जाऊन बसलो. लांब बाकं, उखडलेली फरशी, भिंतीवर थुंकू नका असं लिहिलेली पाटी आणि तिच्याखाली थुंकलेलं. ताईने फिकट पिवळे नवे कपडे घातले होते, केसांत फुलं माळली होती. हातात मोठी पिशवी होती. आईला वाटलं आत आरसा, पावडर असं काही असेल.

"केस नीट कर जरा," आई म्हणाली. "आरसा काढ."

ताईने पिशवीत हात घातला आणि लॅपटॉप काढला.

"अगं बाई, हा कशाला आणलास?"

"असू दे गं. नुसता असू दे."

आमच्या पुढे चार जोडपी होती तेव्हा पहिला निरोप आला. काम नाही बाळा, फक्त कळावं म्हणून, दुपारी गिऱ्हाइकासमोर जाणाऱ्या पानांपैकी एकावर कंपनीच्या लोगोतला निळा रंग जरा गडद वाटतोय. दुसरं कुणीतरी करेल, तू मजा कर. दुसरा निरोप, काम नाही बाळा, ज्याला सांगितलंय त्याला तुझी फाइल सापडत नाहीये एवढंच. तिसऱ्या निरोपात फक्त एक हसरं तोंड होतं.

"नको उघडू," मी म्हटलं.

"पाच मिनिटं. रंगच तर बदलायचाय."

ती जिन्यात गेली, कारण तिथे नेटवर्क येत होतं. आमचा पुकारा झाला. भावजी उठून उभे राहिले, जिन्याकडे बघितलं आणि कारकुनाला म्हणाले, "पुढच्यांना घ्या." असं दोनदा झालं. बाबा येरझाऱ्या घालत होते. "मोठ्या जबाबदारीचं काम असतं," ते शेजारच्या बाकावरच्या अनोळखी माणसाला सांगत होते. तो माणूस त्यांच्याकडे असं बघत होता, की मलाच तिथून उठून जावंसं वाटलं.

कार्यालय जेवणासाठी बंद व्हायच्या थोडं आधी ताई धावत आली. कपाळावर घाम. "झालं, झालं, पाठवलं." आम्ही आत गेलो. अधिकारी बाई दमलेल्या होत्या, पण चांगल्या होत्या. त्यांनी छापील कागद पुढे केला.

"मोठ्याने वाचा. मग सही."

भावजींनी वाचलं. मग ताईने कागद घेतला. "मी याद्वारे जाहीर करते की, मी स्वखुशीने..." आणि पिशवीत फोन थरथरला. ती थांबली.

"वाचा," बाई म्हणाल्या.

"मी याद्वारे जाहीर करते की..." फोन पुन्हा. ताईचा हात पिशवीकडे गेला. मला शपथेवर सांगता येईल, तिचं तिकडे लक्षही नव्हतं. तापल्या तव्यावरून हात मागे यावा तसा तो आपोआप गेला.

"हो सर. नाही नाही, बोला ना सर."

आम्ही सगळे त्या खोलीत उभे होतो आणि तिचं बोलणं ऐकत होतो. आधीचा निळा बरा होता, असं साखरसाहेबाचं म्हणणं होतं. तो परत आणता येईल का, हे त्याला फक्त विचारायचं होतं.

"येईल सर. लगेच."

आईने तोंडाला पदर लावावा तसा रुमाल लावला. ताई गुडघ्यांवर लॅपटॉप घेऊन अधिकारी बाईंच्या समोरच बसली. "दोन मिनिटं, मॅडम, प्लीज." बाईंनी घड्याळाकडे पाहिलं, मग भावजींकडे.

भावजींनी टेबलावरचं पेन उचललं, त्याला टोपण लावलं आणि बाईंच्या पुढे ठेवलं.

"राहू द्या, मॅडम."

ताईने मान वर केली. "अरे, झालंच!"

"होऊ दे."

तो बाहेर आला. ती त्याच्या मागे, उघडा लॅपटॉप छातीशी धरून. "तू समजून घे ना. पंधरा दिवस फक्त. आज मी त्याला दुखावलं तर वर्षभराचं सगळं पाण्यात जाईल. तुझ्या दुकानासाठीच करतेय ना मी हे?"

"दुकान मी मागितलं नव्हतं."

"मालक हाकलेल तुला तिथून."

"मग दुसरीकडे बसेन. चष्मे कुठेही करता येतात." त्याने क्षणभर डोळे मिटले. "मला आज तुझा अर्धा तास हवा होता. तोही तुझ्या ऑफिसने दिलेला होता, तुला पदरचा द्यावा लागला नसता."

"पुढची तारीख घेऊ. मी स्वतः घेते, आजच."

"नको घेऊस."

"म्हणजे?"

त्याने बाबांचा हात हातात घेतला, आईला वाकून नमस्कार केला. मला म्हणाला, "येतो गं," आणि जिना उतरून गेला. मी भावजी म्हणून हाक मारायला तोंड उघडलं आणि ती हाक मला मारता येईना.

ताई बाकावर बसली. तिने आधी तो निळा रंग बदलला. आम्ही बघत होतो, तिने खरंच आधी तो बदलला, पाठवला, आणि मग रडायला लागली. ती रडत असतानाच उत्तर आलं. गिऱ्हाइकाने आजची भेट पुढे ढकलली होती. काम नाही बाळा, फक्त कळावं म्हणून.

"फेक तो डबा," आई म्हणाली. तिचा आवाज मी इतका खालचा कधी ऐकला नव्हता. "चल घरी."

आम्ही टॅक्सीत बसलो. चौक आला तेव्हा ताई टॅक्सीवाल्याला म्हणाली, "डावीकडे घ्या. मला ऑफिसला सोडा."

"काय?" बाबा म्हणाले.

"अर्धा दिवस हजेरी लागली तर राखीव दिवस वापरला असं धरत नाहीत. परत मिळतो." ती नाक पुसत होती. "पुढच्या तारखेला लागेल ना मला."

पुढची तारीख नाही, हे टॅक्सीवाल्यालासुद्धा कळलं असावं. त्याने आरशातून मागे पाहिलं आणि गाडी डावीकडे वळवली. बाबा बाहेर बघत राहिले. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच मला त्यांच्याकडे बघवेना. आईने तिला अडवलं नाही. ती फक्त सीटवर सरकून दाराशी गेली, त्या दोघींच्या मध्ये एका माणसाची जागा होईल इतकी.

काचेच्या त्या इमारतीशी ताई उतरली. दारावरचा पहारेकरी तिला रोज बघणारा. त्याने तिचे पिवळे कपडे पाहिले, केसांतली फुलं पाहिली, आणि त्याचा चेहरा फुलून आला. उठून उभा राहत, दार उघडून धरत तो म्हणाला, "अभिनंदन मॅडम! आजच झालं का?"

"थँक्यू," ताई म्हणाली, आणि आत गेली.