गिरडच्या विहिरीतील राख

आणीबाणी उठल्यानंतरच्या उन्हाळ्यात, वर्ध्याच्या कचेरीसमोरील माझे अर्जलेखनाचे टेबल एक दिवस बंद ठेवून मी गिरडला प्रस्थान केले. सोबत नागपूरच्या भूशास्त्राच्या प्राध्यापिका देशकरबाई होत्या. तेथील एका नव्या विहिरीत ज्वालामुखीच्या राखेचा थर लागला होता. दुसऱ्याच दिवशी विहीर दगडांनी बांधली जाऊन तो कायमचा झाकला जाणार होता. परवानगीचा लेख जाणकाराकडून व्हावा, म्हणून बाईंनी मला बरोबर घेतले होते.

समुद्रपूरपुढे एस.टी. पंक्चर झाली. पळसाखाली तासभर गेला. गिरडला उतरलो तेव्हा टेकडीवरचा दर्गा उन्हात पांढरा झाला होता.

विहिरीच्या मालकीण सरूबाई वांगी-मिरची पिकवत. त्यांनी गूळपाणी दिले. मी अंगठ्यासाठी शाईची डबी उघडली आणि स्टँपपेपर उलगडून गंभीर स्वरात वाचू लागलो : "लिहून देणार यांच्या कब्जे-वहिवाटीतील विहिरीत..."

"थांबा भाऊ. अंगठा काऊन (कशासाठी) पाह्यजे? विहीर लिहून घेऊन राह्यले का?"

"कायद्याप्रमाणे..."

"माह्या सासऱ्यानं असाच अंगठा देल्ला, अन् वावर (शेत) गेलं. बाई, तुमी जा. नाई उतरू देत."

देशकरबाई खाली मान घालून पिशवी आवरू लागल्या. उद्या गवंडी येणार होते.

वीस वर्षांत स्वतःचा मजकूर मी कधी फाडला नव्हता. तो फाडला आणि तुकडे सरूबाईंच्या हाती दिले. "बाईंना फक्त माती पाहायची आहे," मी म्हणालो.

"मंग तोंडानं सांगाचं ना! एवढं वाचत बसले." त्यांनी तुकडे चुलीजवळ ठेवले आणि विहिरीत शिडी सोडली.

शिडीवर माझी एक चप्पल निसटून चिखलात पडली. तळाशी दोन काळ्या खडकांमध्ये वीतभर तांबडा पट्टा होता. बाईंनी तो नखाने खरवडला. "खाली कण जाड, वर बारीक. स्फोट आधी जोराचा झाला, मग निवत गेला."

"किती जुनी हो राख?" वरून सरूबाईंनी विचारले.

"माणूस नव्हता तेव्हाची."

"मंग भाऊ, अंगठा कोणाचा घेता?"

मीही हसलो. भाकर, ठेचा खाऊन, राखेचे डबे मांडीवर घेऊन आम्ही परतलो.

दुसऱ्या दिवशी पहिल्या अशिलाने काही न विचारताच अंगठा पुढे केला. मी शाईची डबी मिटली आणि कागदात काय लिहिले आहे, ते आधी त्याला त्याच्या बोलीत सांगितले. यात वेळ गेला. रांगेतील लोक कुरकुरले. मी सांगतच राहिलो.