टेपचं टोक माझ्या हातात

आमच्या गल्लीचा सिमेंटचा रस्ता मंजूर झाल्याचं मला नगरपंचायतीच्या शिपायानं चहाच्या हॉटेलात सांगितलं. मी अर्धा चहा तसाच ठेवून घरी निघालो. चप्पल हातात घेऊन, कारण गल्लीतला चिखल चप्पल ठेवून घेतो.

आई नेहमीप्रमाणे ओट्यावर शेंगा फोडत बसली होती.

"आई, रस्ता मंजूर झाला."

"मग पळत का आलास? रस्ता पळून चाललाय व्हय?"

पण मला कुठे थांबवत होतं. या रस्त्यासाठी मी किती अर्ज केले याची मोजदाद माझ्याकडेही नाही. मी पडलो गणिताचा मास्तर, त्यामुळे अर्जाला परिशिष्टं, परिशिष्टांना क्रमांक. बायको त्या फायलीला माझं पहिलं प्रेम म्हणते. त्या आनंदात मी दोन दिवसांत गल्लीतलं प्रत्येक दार ठोठावलं आणि ज्यांनी विचारलं नव्हतं त्यांनाही काँक्रीट किती दिवस भिजवावं लागतं ते समजावून सांगितलं.

तिसऱ्या दिवशी मोजणीला इंजिनिअर मॅडम आल्या. वयाने माझ्या पुतणीएवढ्या. नेमणूक कंत्राटी, कायमची भरती कधीपासून अडकलेली, म्हणून तीन गावांचे रस्ते आणि बांधकामं त्यांच्या एकटीच्या स्कूटीवर. सोबतच्या माणसाला ऐन वेळी पाणीपुरवठ्याच्या कामावर नेलेलं.

"टेपचं दुसरं टोक कोण धरतं?" त्यांनी विचारलं.

मॅडमचं वाक्य संपायच्या आत टोक माझ्या हातात होतं. लाल रंगाचा डबा आणि ब्रशही मीच मागून घेतला.

हिशोब सोपा होता. नकाशात रस्ता पंधरा फुटांचा. आमच्या बाजूच्या घरांच्या भिंतीला मी शून्य धरायचं, पलीकडे मॅडमनी पंधरा फूट बघायचे. त्याच्या आत जे येईल त्यावर लाल फुली. फुलीवालं सोमवारपर्यंत निघालं नाही, तर मशीन दुसऱ्या वॉर्डात जाणार. कुणाची पायरी गेली, कुणाचा नळाचा कट्टा गेला. लोक कुरकुरले, मी त्यांना नियम सांगितला. नियम सांगताना माझा आवाज वर्गातल्यासारखा होतो, असं घरचे म्हणतात.

शेवटी आमचं घर, आणि बरोबर समोर आमच्या शेजारणीची, काकूंची, पिठाची गिरणी. गल्ली तिथेच सगळ्यात अरुंद. मी शून्य धरलं, पलीकडून मॅडम म्हणाल्या, "शेडमध्ये पावणेचार फूट आत."

मी पलीकडे जाऊन फुली मारली. पत्र्याच्या त्या शेडमध्ये गिरणीची मोटर. नवरा गेल्यापासून काकूंचं घर त्या मोटरीवर चालतं. त्या पिठाच्या हातांनी तशाच बाहेर आल्या आणि फुलीकडे बघत राहिल्या.

"सर, मोटर कुठं नेऊ? मागं जागा न्हाई. गिरणी बंदच पडंल की."

"काकू, नियम सगळ्यांना सारखा," मी म्हणालो. ब्रश माझ्या हातात होता. आज आठवलं तरी कानाच्या पाळ्या तापतात.

मॅडम गेल्या. मी ओट्यावर येऊन टेकलो आणि आईला फुल्यांचा तपशील देऊ लागलो. आई शेंगा फोडायची थांबली.

"आपल्या घरापाशी टेप कुठं धरला व्हतास?"

"इथंच. ओट्याच्या कडेला."

"आन् बाकीच्यांच्या?"

"भिंतीला."

तिनं हातातल्या शेंगेनं आधी ओट्याची कड दाखवली, मग मागची भिंत.

हा ओटा किल्लारीच्या भूकंपानंतरचा. त्या दिवसांत आमच्या भागात कुणी छताखाली झोपायला तयार नव्हतं. आई तर नव्हतीच. मग वडिलांनी तिची बाज बाहेर मावावी म्हणून जुन्या पायरीपुढे दगड रचून, वर शहाबादी फरशी टाकून हा ओटा केला. सगळा रस्त्यावर. पुढे भीती गेली, आई आत झोपायला लागली, पण दिवसभराची बैठक तिथेच राहिली. मी त्या ओट्यावर अभ्यास करून मोठा झालो. घराची हद्द तिथे संपते, हे मला कुणी शिकवलं नव्हतं आणि कधी शंकाही आली नव्हती.

"पण आई, ओटा गेला तर तू बसशील कुठं?"

"माझं बसणं आन् तिचं पोट एक हाय का? लाव त्या पोरीला फोन."

मी फोन लावला. सगळं ऐकून मॅडमनी एवढंच विचारलं, "सर, तुम्ही गणित शिकवता ना?"

त्या रविवारी सुट्टीच्या दिवशी आल्या. या वेळी टेपचं टोक आईनं मागून घेतलं. ओट्यावर मांडी घालून तिनं ते मागच्या भिंतीला अंगठ्यानं असं दाबून धरलं, की भिंत सरकायची नाही. सगळी गल्ली जमली होती. पलीकडे टेप शेडच्या पत्र्याला लागला आणि मॅडम म्हणाल्या, "पंधराला दोन इंच जास्तच आहे. शेड बाहेर." काकूंनी आत जाऊन गिरणी सुरू केली, तेव्हा कुणाचंच दळण आलेलं नव्हतं.

उरलेला लाल रंग माझ्या ओट्याला पुरला. चार घरं पलीकडचे गृहस्थ, ज्यांचा कट्टा मी मोजणीच्या दिवशी नियमात बसवला होता, मुद्दाम खुर्ची घेऊन बसले. "सर, फुली जरा ठळक काढा. लांबून दिसत न्हाई."

मी काकूंकडे गेलो. "तुम्हाला दिसलं नव्हतं का, मी टेप कुठं धरलाय ते?"

"दिसलं की. पण माझ्या पोरीला मोजमाप तुम्हीच शिकवलं. म्हणलं, सरांचं असंल काहीतरी नवीन."

सोमवारी जेसीबी आला. ओट्याला त्यानं तीन धक्के दिले. आई तोवर समोर गेली होती. शेडच्या पायरीवर पोतं अंथरून तिथून ड्रायव्हरला सांगत होती, "फरशी सांभाळ रं बाबा, मागच्या मोरीला लावायची हाय."

रस्ता झाला. भिजवायचं काम अर्थातच मी केलं, पाइप कुणाच्या हातात दिला नाही. आता सकाळी जेवणं उरकली की आई काठी टेकत पंधरा फूट ओलांडते आणि गिरणीच्या पायरीवर बसून दळणाचे डबे ओळीनं लावून घेते. कुणी मध्ये घुसलं की तिचा आवाज माझ्या खोलीपर्यंत येतो. पत्र्यावरची ती फुली रॉकेलनं घासूनही पुरती गेली नाही. परवा मी पांढरा रंग घेऊन गेलो, तर काकू म्हणाल्या, "राहू द्या सर. नवीन गिऱ्हाईक विचारतं, आन् आईला सांगायला लई आवडतं."