वळिवड्याच्या छावणीतला ड्रम

त्या वर्षी माझा पाय कुठेच ठरत नव्हता. संस्थान विलीन झालं होतं. स्टुडिओतली माणसं एकेक करून मुंबईची गाडी धरत होती. मी ढोलकी घेऊन रोज सकाळी स्टुडिओच्या व्हरांड्यात बसायचो. बोलावणं आलं तर काम, नाहीतर चहा पिऊन परत शिवाजी पेठेत. घरी जेवताना माझी बोटं ताटाच्या कडेवर चालायची. आई म्हणायची, "जेव की गप. ताट हाय ते, ताशा न्हवं."

एके दिवशी आमच्या संगीत दिग्दर्शकांनी मला आत बोलावलं. नव्या चित्रपटात क्लबातलं एक गाणं होतं आणि त्याला विलायती ड्रम हवा होता.

"इथं कुणाकडे नाही," ते म्हणाले. "मुंबईहून माणूस मागवतो."

"मी आणतो की ड्रम," मी म्हणालो.

"आणि वाजवणार कोण?"

"मीच."

"कधी वाजवलायस?"

"न्हाय. पण शेवटी कातडंच न्हवं ते?"

ते हसले. श्रावण संपेपर्यंत थांबतो म्हणाले. 

ड्रम कुठे मिळेल याचा मला अंदाज होता. लढाईच्या काळात वळिवड्याला पोलंडच्या निर्वासितांची छावणी होती. त्यांचं नाटक, त्यांचा वाद्यवृंद मी तेव्हा कुंपणाबाहेरून ऐकला होता. ती माणसं निघून गेली आणि त्याच बराकींत फाळणीनंतर सिंधी कुटुंबं राहायला आली. मी सायकल काढली आणि बराकीमागून बराक विचारत फिरलो.

एका पापडवाल्याच्या दुकानात तो दिसला. मोठा ड्रम आडवा टाकलेला, वर फळी, फळीवर पापडांच्या चळती. दुकानदार म्हातारा आणि शांत होता.

"ये ढोल हमारा नहीं, बराकीत मिळाला," तो म्हणाला. "पण नेलास तर मी पापड कशावर ठेवू?"

दुसऱ्या दिवशी मी घरचं टेबल हातगाडीवर घालून नेलं आणि ड्रम घेऊन आलो. त्याच्या शेजाऱ्याकडे छोटा ड्रम निघाला, त्यात कोंबडी अंड्यांवर बसली होती. पिल्लं बाहेर येईपर्यंत मला थांबावं लागलं. मी रोज सायकलवरून जाऊन त्या कोंबडीकडे बघून यायचो. झांज, तिचा दांडा आणि पायानं ठोका मारायचं पेडल बराकीमागच्या भंगारात सापडलं.

सगळं अंगणात मांडलं आणि माझ्या लक्षात आलं, की हे कसं जोडतात ते मला मुळीच ठाऊक नाही. कातडी फाटलेली, स्क्रू गंजलेले. मोठ्या ड्रमच्या पोटात तर विजेच्या दिव्याचा होल्डर होता. ढोलात दिवा कशाला? कुणीतरी भलतंच काहीतरी बसवलंय असं समजून मी तो उपटून काढला. लेथवाल्याकडून नवे स्क्रू करून घेतले. वासराचं कच्चं कातडं आणलं, भिजवून लाकडी कड्यांवर ताणलं. चिंच आणि राख घेऊन झांज घासली. सगळं चकचकीत झालं, पण आवाज काही येईना. पावसाळी हवेत मोठ्या ड्रमचं कातडं ओल्या गोणपाटासारखं लोंबायचं. मी रोज ते खोलायचो, रोज जोडायचो. रात्री आडवं पडलं की डोळ्यांसमोर स्क्रू फिरायचे.

पापडवाल्यानं एकदा बोलता बोलता सांगितलं होतं, की आधीच्या छावणीतली एक पोलंडची मुलगी तुमच्या पेठेत लग्न करून राहिली आहे. ती तर आम्हा सगळ्यांनाच माहीत होती. आमच्या मागच्या गल्लीतल्या शाळामास्तरांची बायको. पेठ तिला गोरी वहिनी म्हणायची. मी त्यांच्या दारात गेलो. तिची सासू मिरच्या निवडत होती आणि ती नाकाला पदर लावून उखळात तिखट कुटत होती.

"वहिनी, छावणीतला एक ड्रम मिळालाय मला," मी म्हणालो. "कुणाचा, कसा वाजवायचा, काही ठावं हाय का तुम्हाला?"

तिचा मुसळाचा हात थांबला. मग पुन्हा चालू झाला.

"मला काय ठावं न्हाय," ती म्हणाली.

सासूनं माझ्याकडे आणि मग तिच्याकडे बघितलं. मी परत फिरलो. श्रावण अर्धा सरला होता. मुंबईच्या माणसाला पत्र गेलं असं स्टुडिओत कुजबुजत होते. मी ड्रमवर काड्या आपटत बसलो की शेजारी खिडक्या लावून घ्यायचे.

आठवड्याभरानं दुपारी दार वाजलं. सासू पुढे, गोरी वहिनी मागे.

"दाखव बाबा तुझा ढोल," सासू म्हणाली. "तू आल्यापासनं हिचं कशात ध्यान न्हाय. भाजीत दोनदा मीठ पडलं."

वहिनी थेट मोठ्या ड्रमपाशी खाली बसली. एका बाजूचं कातडं मी तेव्हा काढून ठेवलं होतं. तिनं आत हात घातला आणि लाकडावरून बोटं फिरवत नेली. एका जागी थांबली. तिथं भेगेवर कापडाची पट्टी चिकटवलेली होती. मी ती कितीदा तरी बघितली होती.

"हा आमचाच," ती म्हणाली. "ही भेग प्रवासात पडली. माझ्या कोटाचं अस्तर फाडून मी चिकटवलंय."

"म्हणजे वाजवायचं कोण?" मी विचारलं.

"मी."

सासू पुढे येऊन ड्रमच्या आत डोकावली.

"छावणी उठली तवा आमची लोकं म्हणली, घेऊन जा तुझा ड्रम," वहिनी सांगत होती. "मी न्हाय म्हटलं. म्हटलं, आता संसार करायचा, ह्यो कशाला? परत बघायचाच न्हवता मला." मग एकदम तिचा सूर बदलला. "आणि आतला दिवा कुठाय?"

"काढून टाकला."

"काढला? अरे, पावसात कातडं सुकवायला असतोय त्यो! आणि हे काय केलंस? छोट्याचं पातळ कातडं वर? खालच्या तारा वर? उलटा बसवलायस की सगळा!"

तिनं छोटा ड्रम उचलून पालथा केला, पायाचं पेडल वळवलं, मला दिवा आणायला पिटाळलं. होल्डर अडगळीत होता, तो मी पुन्हा बसवला आणि काढलेलं कातडं चढवलं. दिवा लागला तशी कातड्यातून पिवळ्या शिरा दिसू लागल्या, आणि थोड्या वेळानं ते हळूहळू ताणलं गेलं. वहिनीनं पदर खोचला आणि आईच्या पाटावर पाट ठेवून त्यावर बसली. काड्या हातात घेतल्या. मग वाजवायला लागली.

मी जन्मभर तालात वाढलेला माणूस. तरी ते ऐकताना मला माझे हात कुठे ठेवावेत कळेना. पाय एक सांगत होता, हात दुसरंच, आणि तरी सगळं एकत्र धावत होतं. शेजाऱ्यांनी लावलेल्या खिडक्या उघडल्या. माझी आई भाकरी थापता थापता पिठाच्या हातानं बाहेर आली.

वहिनी थांबली तेव्हा तिचं तोंड लालबुंद झालं होतं. सासू म्हणाली, "व्हय गं, तू लगीन झाल्यापासनं भांड्यांवर बोटं वाजवतीस. मला वाटायचं, पोरीला भूक लागलीया."

त्यावर दोघी इतक्या हसल्या, की वहिनीच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मग ते थांबेचना. सासूनं तिला जवळ ओढलं. मी स्क्रू आवळल्यासारखं करत राहिलो.

स्टुडिओत तुम्हीच वाजवा, असं मी तिला परोपरीनं सांगितलं. तिच्या नवऱ्यानं, शाळामास्तरांनीही हरकत घेतली नाही, "तिला ठरवू दे" म्हणाले. पण तिला पेठेची नजर अंगावर नको होती. "तुला शिकवते," ती म्हणाली. रोज दुपारी ती सासूबरोबर यायची आणि माझी लय वाढली की रागवायची. "पळतोस कशाला? कोण मागं लागलंय?" हेच वाक्य दिवसभर कानात.

श्रावणाच्या शेवटी हातगाडीवरून ड्रम स्टुडिओत गेला. संगीत दिग्दर्शकांनी डोळे मिटून ऐकलं. दोन वेळा थांबवलं, तिसऱ्यांदा गाणं घेतलं. मुंबईचा माणूस आला नाही. पुढे चित्रपट लागला तेव्हा आम्ही सगळे बघायला गेलो. गाणं संपल्यावर अंधारात वहिनी माझ्याकडे वाकून म्हणाली, "दुसऱ्या कडव्यात पळालास."

खरंच पळालो होतो. वर्ष-दीड वर्षात स्टुडिओतलं काम जवळजवळ थांबलं आणि मीही मुंबईला जायचं ठरवलं. ड्रम बरोबर न्यावा म्हणून बांधाबांध करत होतो, तेवढ्यात वहिनीच्या सासूबाई एकट्याच आल्या.

"तुला तिकडं दुसरा मिळंल," त्या म्हणाल्या. "ह्यो आमच्या सोप्यात ऱ्हाऊ दे. ह्यो वाजवाय लागल्यापासनं पोरगी नीट जेवाय लागलीया."

मी बांधलेली दोरी सोडली. ड्रमची हातगाडी मागच्या गल्लीत, मास्तरांच्या ओसरीपर्यंत मीच ढकलत नेली, आणि संध्याकाळच्या गाडीनं निघालो.