विमानाची शिवण

"बाही आहे ही, राव. पंखाची." पत्र्यावरून अंगठा फिरवत ते म्हणत, आणि मी यादीत लिही: पंखाचा तुकडा, एक.

ते शिंपी होते. कुंभकोणमच्या भांडीबाजारामागे आमचं मोडीचं गोदाम होतं, मी तिथला कारकून. आम्ही दोघंही मराठी. इतरांशी तमिळ, आपसांत घरची भाषा. दुसऱ्या महायुद्धानंतर तंजावरच्या विमानतळावर पडून राहिलेली विमानं तुकडे होऊन आमच्याकडे वितळवायला येत. माझ्या यादीत 'अनोळखी' असा एक रकाना होता, तो मला रोज टोचायचा. तो रिकामा केला या माणसाने. पत्रे जोडणाऱ्या रिव्हेटांच्या ओळी त्यांना टाक्यांसारख्या वाचता येत. "टाका दाट, तिथे ताण. म्हणजे पंखाचं मूळ. विरळ असला तर शेपूट."

आमचे मालक, मुदलाळी, चिडवत, "आलात? आज विमानाला परकर शिवायचा की चोळी?"

"आधी माप तरी घेऊ द्या, मुदलाळी."

पण ते आमच्यासाठी येत नव्हते. त्यांचा एकुलता मुलगा तंजावरहून उडालेल्या एका विमानात होता. विमान समुद्रावर गेलं, परतलं नाही, असं पत्र आलं होतं. पत्रात विमानाचा क्रमांक होता. त्या विमानाचा एक तुकडा जरी तंजावरच्या मोडीत निघाला, तर विमान परतलं होतं, पत्र खोटं, आणि पोरगा कुठेतरी जिवंत आहे. एवढ्यावर ते जगत होते.

मुदत मात्र संपत आली होती. बारा वर्षं पत्ता नसलेल्या माणसाचा दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी देतात, हे तुम्हांला ठाऊक असेल. भाऊबंदांनी अमावास्या ठरवली होती.

"माझ्याच हाताने मजला तो जाळायला सांगतात, राव. नऊ दिवस उरले."

त्या दिवसांत ते जेवायलाही घरी जाईनात. पत्र्यांनी बोटं कापली, तर चिंध्या गुंडाळून चाचपत राहिले.

सातव्या दिवशी इंजिनावरचं एक झाकण त्यांनी उलटलं आणि पत्र काढून माझ्या हातात दिलं. आत तोच क्रमांक रंगवलेला होता. मी पत्राशी दोनदा ताडून पाहिला.

खाली लाल रंगात इंग्रजी ओळ होती. त्यांना आकडे येत. इंग्रजी अक्षरं येत नसत.

"हे काय लिहिलंय, राव?"

'तडा गेला. काढून नवं बसवलं.' म्हणजे विमान नव्या झाकणानिशी गेलं होतं. मागे राहिलं ते एवढंच. मी त्या चिंध्यांकडे पाहिलं.

"कारखान्याचं नाव आहे," मी म्हणालो.

माझे दोन्ही हात धरून त्यांनी आपल्या डोळ्यांना लावले.

अमावास्येचा विधी रद्द झाला. झाकण नव्या धोतरात गुंडाळून ते मद्रासच्या गाडीत बसले, मोठ्या कचेरीत दाखवायला. मला कार्ड आलं: "साहेब उद्या भेटतील." मग दुसरं: "इथले दिल्लीला विचारा म्हणतात. निघालो." पुढे काही नाही.

वर्षाने त्यांची बायको गोदामाच्या दारात आली. बसा म्हटलं तर बसली नाही.

"त्या पत्र्यावर काय लिहिलेलं होतं?"

मी सांगितलं. शब्द न गाळता.

तिने आवाज चढवला नाही. "पोराचं कार्य तेव्हाच झालं असतं," ती म्हणाली. "आता ह्यांची बारा वर्षं कोणत्या दिवसापासून मोजू? तेवढं लिहून द्या."

मी खणातून दुसरं कार्ड काढलं आणि शिक्क्यावरची तारीख तिला लिहून दिली.